मलमातली मेंढराची चरबी

मंडळातल्या बायांनो, आत्ताच बारामतीहून आले, पाय भरून आलेत. तरी फळ्यावर लावायला हे लिहितेय.

उसाचं पाचट काढून काढून सासूबाईंच्या हातांना भेगा पडल्यात, म्हणून त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. कंपाउंडर पिवळट, चिकट मलम घोटत होता. म्हणाला, "यात औषध चिमूटभरच हाय. बाकी सगळी मेंढराच्या लोकरीवरची चरबी. कातडी मऊ होती ती तिच्यामुळंच."

परत येताना कळस गाव आलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मेंढरं कातरायचो तवा हात लोण्यावानी हुतं. वास येतो म्हनून राखंनं घासायचो."

ऊस आला तेव्हा मेंढरं आम्हीच विकली.

मघाशी सासूबाईंनी मलमाची डबी उघडली, नुसता वास घेतला आणि परत ठेवली. तुमच्यात कुणाची मेंढरं अजून आहेत का?