दुपट्ट्याखालचे जग

भाऊ सिनेमाला जाऊन झोपत असत, ही नागपुरात कळमन्याच्या संत्रा बाजारात आजही हसत सांगितली जाणारी गोष्ट साफ खोटी आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला नव्हता. मी बसत असे. ते झोपत नसत, उठून बाहेर जात. सुपरहिरोच्या सिनेमात आरंभी जो भाग असतो, म्हणजे अंधार, एक गंभीर आवाज, मग कोणी आद्यपुरुष तारे पेरतो किंवा एखादी तेजस्वी शिळा फुटून विश्व होते, तेवढा ते खुर्चीच्या टोकावर बसून पाहत. विश्व तयार होऊन नायक एकदाचा शहरात दिसला, की माझा गुडघा दाबून उठत.

"जग कसं झालं ते समजलं, मास्तर. आता मारामारी काहून पाहू? ते तं बाजारात रोजच पाहून राहिलो."

मी शेवटपर्यंत बसे. पूर्ण तिकिटाचा सिनेमा अर्धवट सोडणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते. बाहेर यावे, तर सीताबर्डीच्या टपरीवर भाऊ चहा घेऊन उभे असत आणि न पाहिलेला शेवट मलाच ऐकवत. बहुधा तो बरोबर असे. मला ते कधीही आवडले नाही.

त्यांची कसोटी एकच होती. "ज्यानं जग केलं, त्याच्या हातून काय चुकलं ते पाहा. चूक नसन, तर दैत्य बाहेरून आणा लागते. भाड्यानं." मग एखाद्या सिनेमाची अख्खी सृष्टी, तिचे सात लोक आणि बारा सिंहासने ते एका वाक्यात निकालात काढत: "भाड्याचा दैत्य हाये गा."

त्यांची स्वतःचीही एक सृष्टिकथा होती. ती पुराणातून उचललेली आहे, असे आमच्या कॉलनीतील एक विद्वान सांगत फिरतात. त्यांना पुराणही ठाऊक नाही आणि बाजारही. भाऊंची बाजारातली अडत, म्हणजे दलालीची गादी, वडिलांपासूनची. आता उघड बोली लागते. पण जुन्या काळी खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकून त्याखाली बोटे दाबत सौदा होई. मान्य असेल तर समोरचा हात घट्ट धरी, नसेल तर झटकून टाकी. भोवतालच्या माणसांना फक्त कापड हललेले दिसे.

"सुरुवातीले अंधार नव्हता, मास्तर. दुपट्टा होता. आपण बाहेरून पाहतो म्हून अंधार वाटते."

त्या दुपट्ट्याखाली दोन हात होते. एकाजवळ उजेड होता, दुसऱ्याला तो हवा होता. देणाऱ्याने बोटे दाबून सांगितले, 'वापरायला देतो.' घेणाऱ्याला समजले, 'कायमचा दिला.' दोघांनी हात घट्ट धरले, दुपट्टा निघाला आणि जग झाले. एकाच्या वंशात नायक जन्मला, दुसऱ्याच्या वंशात खलनायक. "दोघंही खरं बोलून राहिले. साक्षीदार कोनीच नाही. म्हून तं भांडण मिटत नाही."

मी अर्थात वाद घातला. घेणाऱ्याला सारे ठाऊक असले पाहिजे, म्हणजे खोटा तोच, असे माझे म्हणणे. त्यावर भाऊ दुपट्टा आमच्या हातांवर टाकत आणि विचारत, "सांगा, खोटा कोन? अंगठा म्हणजे देणारा, करंगळी म्हणजे घेणारा." मी करंगळी दाबली, की ते हात झटकत. मग हट्टाने अंगठा दाबला, तरी झटकत. टपरीवरची माणसे हसत.

मागील वर्षी त्यांना पक्षाघात झाला. सगळे शब्द गेले. एक 'हो' उरला.

त्यांची मुलगी वैशाली मित्रमैत्रिणींसह नागपुरात घडणारा सुपरहिरोचा सिनेमा करते आहे. आरंभाला वडिलांची कथा घेतली, हे योग्यच केले. पण तिच्या संहितेत दैत्य उजेड चोरतो. तिने ते भाऊंना वाचून दाखवले आणि त्यांचा 'हो' मोबाइलमध्ये टिपून घेतला. तोच सिनेमाच्या शेवटी ऐकवायचा होता. चित्रीकरण तोंडावर आले होते. हे कळताच मी त्यांच्या घरी गेलो.

"काका, चोरी लोकांना पटकन समजते," ती म्हणाली. "अन् बाबांनी स्वतः हो म्हटलं. तुम्ही काहून भांडून राहिले?"

"ते आता कशालाही हो म्हणतात."

"असं कसं म्हणता? माझं ऐकताना ते हसले होते."

मी खुर्ची भाऊंसमोर ओढली. "भाऊ, वैशालीने लिहिलेली चोरी खरी?"

"हो."

"आणि तो दुपट्ट्याखालचा सौदा? तो खरा?"

"हो."

"काटोलची एक बकरी व्याली आणि जग झाले, हे खरे?"

"हो," भाऊ म्हणाले आणि हसले. तेच हसू असावे.

वैशालीही आधी हसली. मग हातातला मोबाइल पालथा ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. तिचा पुरावा मी मोडला होता, आणि त्याच फटक्यात माझाही. खरी कथा मला ठाऊक आहे, हे आता कोण सांगणार?

खुर्चीच्या पाठीवर त्यांचा दुपट्टा होता. तो मी आमच्या हातांवर टाकला आणि त्यांची करंगळी दाबली. घेणारा खोटा. चोर. वैशालीचे बरोबर. मी वाट पाहिली. आयुष्यभर ज्याचा मला राग आला, तो झटका यावा म्हणून पुन्हा दाबली, जरा जोरानेच.

भाऊंनी माझा हात घट्ट धरला.

वैशाली पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिला कापडच दिसत असणार. "काका," तिने विचारले, "काय म्हणाले बाबा?"

मी दुपट्टा तसाच राहू दिला. तो काढायचा, तर हात सोडवावा लागला असता.