चूक क्रमांक चौदा

रविवार, १९ जानेवारी. दुपारचा खेळ, जळगाव. हजर : नाना म्हणजे माझे वडील, आई, आमचे हे आणि मी. सामान : केळीचे वेफर्स दोन पुडे, पाण्याच्या बाटल्या तीन, नानांची शाल, चुकांची वही.

वहीचं आधी सांगते. आमचे हे देवपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. युद्धपट लागला की आम्ही जातो. हे अंधारात कुजबुजून चुका सांगतात आणि मी मोबाइलच्या उजेडात लिहून घेते. पदकं भलत्या बाजूला, बंदूक दहा वर्षांनी निघालेली, वाळवंटातल्या जवानाची इस्त्री मोडलेली नाही. एकदा ही यादी त्यांनी एका निर्मात्याला पाठवली होती. उत्तर आलं नाही. तेव्हापासून वही जास्तच भरते.

यांच्या नावावर खानदेशातल्या जवानांच्या आठवणींचं एक पुस्तक आहे. पहिलं प्रकरण नानांचं : एकाहत्तरची लढाई, समोरून येणारा शत्रूचा रणगाडा, आणि पागोट्यात हातबाँब बांधून सरपटत गेलेले नाना. दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती, त्या आनंदात नानांना चोपड्याहून मुद्दाम सिनेमाला आणलं होतं. गावच्या शाळेत सव्वीस तारखेला त्यांचं भाषणही होतं, त्याची तयारी होईल असं मला वाटलं.

मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर जवानांनी दारूगोळ्याची लाकडी पेटी उघडली आणि आतून पोळ्या काढल्या.

"लिही," हे म्हणाले. "चौदा. दारूगोळ्याच्या पेटीत पोळ्या. अशक्य."

नाना माझ्याकडे वळले. "चौदा नंबर काढी टाक. ते खरं शे."

"नाना, सैन्यात शिस्त असते," हे म्हणाले.

"पेटीमा रोट्या मी सोता भरेल शेतस."

मागच्या रांगेतून "ओ काका" आलं. मी चौदावर काट मारली आणि मध्यंतराची वाट पाहिली.

दिवे लागले. यांनी वर्गात विचारतात तसं विचारलं, "नाना, तुम्ही तर रणगाडा अडवायला पुढे होता. पेट्या कुठून आल्या?"

नाना वेफर्सचा पुडा फोडू लागले. तो फुटेना. उत्तर आईनं दिलं, अगदी सहज. "तो रणगाडा तर आपन जत्रामा, तंबूना शिनेमामा दखा व्हता ना?"

दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय हे दूधवाल्याचं म्हणणंही मानत नाहीत. सासऱ्यांचा रणगाडा मात्र एका तोंडावर घेतला, आणि छापला.

मग नाना बोलले. ते लंगरात होते, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात. धूर दिसू नये म्हणून चूल उजाडायच्या आत पेटवून विझवायची. रोट्या रिकाम्या पेट्यांत, खाली पोतं, वर पोतं. मग पेटी दोघांनी उचलायची आणि खंदकांपर्यंत वाकून चालायचं. वर गोळे चालूच. "रोट्या गार व्हयन्यात का शिव्या," नाना म्हणाले. "शत्रूपेक्षा आपलाच लोकेसनी भीती."

"मग मला हे का नाही सांगितलं?" यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "जवाई पहिल्यांदा कागद-पेन लिसन बठनात. त्यासले काय पीठ सांगू? रोट्यासनी गोट कोन आयकस?"

यांनी माझ्या हातातून वही घेतली, कोरं पान काढलं आणि विचारलं, "पेटीत किती मावायच्या?"

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला नाही. बाहेर पायरीवर बसून नाना सांगत होते, हे लिहीत होते, आई चुका काढत होती. तिनं काढलेल्या चुका आमच्यापेक्षा बऱ्या होत्या.

झालेली कामं : चौदा नंबर खोडला. छापखान्याला थांबवलं. पहिलं प्रकरण नव्यानं लिहून झालं. यांनी तळटीपेत स्वतःची चूक कबूल केली, फारच बारीक अक्षरांत.

राहिलेलं काम एकच : शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगणं की सव्वीस तारखेला नाना रणगाड्यावर नाही, रोट्यांवर बोलतील. नाना म्हणतात, फोन जावईबापूंनी करावा, पुस्तक त्यांचं. हे म्हणतात, रणगाडा नानांचा.

आज पंचवीस. सकाळी मुख्याध्यापकांनी फोटो पाठवला आहे. पोरांनी पुठ्ठ्याचा रणगाडा बनवलाय, हिरवा रंग अजून ओला आहे, आणि नानांची खुर्ची बरोबर त्याच्या तोफेसमोर मांडली आहे. फोन अजून झालेला नाही.