दोन गोण्या कांदा आणि एक फ्यूज

आमची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली ती ओतूरच्या भर पेठेत, थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, फेटा बांधून मागच्या सीटवर बसलेले असताना. ते गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष होते आणि एका शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन करायला निघाले होते. पुढे बसायला ते कधीच तयार नसत. मोठी माणसं मागे डावीकडे बसतात, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. त्यामुळे गाडी माझी, चालवणारी मी, आणि बघणाऱ्याला वाटावं की अध्यक्षांनी बाई ड्रायव्हर ठेवली आहे.

माणसं जमली.

"काय अध्यक्ष, धक्का मारायचा का?"

"मारा की राव, पण फेटा सांभाळून!"

दादा खाली उतरले आणि रस्त्याशी आपला संबंध नसल्यासारखे उभे राहिले. मी जळलेला फ्यूज काढून नवा बसवला, किल्ली फिरवली, गाडी सुरू. दादा परत ऐटीत बसले. पहिल्याच गतिरोधकावर फ्यूज पुन्हा गेला. उद्घाटनाला ते शेवटी टोमॅटोच्या टेम्पोतून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आणतो. इकून टाकू ही."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तळेघरच्या शाळेत शिकवत होते आणि घर पिंपळवंडीत. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. तळेघरला एसटी दिवसातून दोन, आणि दोन्ही माझ्या वेळेच्या नव्हत्या. गाडी गेली की नोकरी सुटणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दादांना तर नक्कीच कळत होतं. धाकट्या भावाच्या बायकोनं डोंगरात जाऊन शिकवणं त्यांच्या इतमामाला शोभत नव्हतं.

फ्यूज जातोय म्हणजे कुठेतरी तार उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकतेय, इतपत मी वाचलं होतं. कुठे, ते पुस्तकात नव्हतं. स्टँडजवळच्या वायरमनला विचारलं. त्याला एका मिनिटात उत्तर सापडलं.

"फ्यूजच्या जागी जाड तार टाकून देतो, म्याडम. परत जायाचं नाव काढणार न्हाई."

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींना निम्म्या तालुक्यानं हाच उपाय केला होता. म्हणून मी शेजारी जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्याच्या दुकानात जळक्या मोटारी ओळीनं मांडल्या होत्या.

"ह्या सगळ्या जाड तारंच्याच हायेत," तो म्हणाला. "माझं पोट त्याच्यावर चालतं, पर तुमी नका टाकू. गाडी पेटंल." मग त्यानं गाडीचा एक बल्ब आणि दोन वायरी काढून दिल्या. "फ्यूज काडा आन हा लावा. मंद पेटला तर समदं ठीक. लख्ख पेटला की समजायचं, तार टेकली. डबाभर फ्यूज कशाला जाळता?"

"पण टेकते कधी, तेच कळत नाही."

"मास्तरीण ना तुमी? मंग हजेरी घ्या की."

तो चेष्टेनं म्हणाला असेल. मी खरंच घेतली. सोमवारी नेहमीसारखी विनातक्रार घाट चढून गेले आणि तळेघरच्या खोलीत वही उघडून आठवेल तेवढे सगळे प्रवास लिहून काढले. रस्ता कोणता, ऊन की पाऊस, गाडीत कोण, कुठे बसलेलं. घाटात मी एकटी होते, फ्यूज गेला नाही. सासूबाई पुढे बसून देवाला गेल्या, गेला नाही. मुली मागे उड्या मारत होत्या, तरी गेला नाही. जेव्हा जेव्हा गेला, तेव्हा तेव्हा हजेरीत एकच माणूस होतं, आणि तेही एकाच जागी.

हे घरात सांगायची सोय नव्हती. शनिवारी दुपारी मी नवऱ्याला कांदाचाळीतून दोन गोण्या काढायला लावल्या.

"दादांचं वजन किती धरायचं?" त्यानं विचारलं.

"दोन गोण्या."

"फेट्यासकट?"

गोण्या मागे डावीकडे बसवल्या. फ्यूजच्या जागी बल्ब लावून मी किल्ली फिरवली. बल्ब मंद. मग गतिरोधकाचा दणका म्हणून नवऱ्यानं वरच्या गोणीवर गुडघा ठेवून जोर दिला. बल्ब लख्ख पेटला! भर दुपारी त्याच्यावर डोळा ठरेना. गुडघा काढला की मंद, ठेवला की लख्ख. दोघंही पोरांसारखे पुन्हा पुन्हा तेच करून बघत होतो.

सीट उचलली. खाली एक लाल वायर होती, सीटच्या स्प्रिंगनं चेपून तिचं तांबं उघडं पडलेलं. वायर मागच्या काचेखालच्या फळीपर्यंत गेली होती. तिथे स्क्रूची चार भोकं होती. आधीच्या मालकानं तिथे शोभेचे पळते दिवे लावले असणार. गाडी विकताना दिवे काढून नेले, वायर मात्र तशीच सोडली, तीही इंजिनाच्या फ्यूजवर जोडलेली. म्हणजे एकाची हौस सीटखाली, दुसऱ्याचा रुबाब सीटवर, आणि मधल्या मधे माझी नोकरी. मी वायर मुळापासून कापली. गोण्यांवर आता नवरा अख्खा चढून बसला, बल्ब मंदच राहिला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, "दादा, पाहुण्यांना एक चक्कर मारून आणू. तुम्ही बसा ना मागे."

पाहुणे पुढे, दादा मागे डावीकडे. ओतूरपर्यंतचा एकही गतिरोधक मी हळू घेतला नाही. पेठेतल्या त्या गतिरोधकावर दादांचं डोकं टपाला लागलं, पण गाडी चालूच. परत दारात येईपर्यंत पाहुणे खूश झाले होते.

"लई भारी पळतीय, राव. घेतो मी."

"आता विकायची नाही," मी म्हटलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोकं चोळत गाडीकडे.

"ऱ्हाऊ द्या, पावणं," ते म्हणाले. "तिला तळेघरला जायाला लागती."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी घाटाकडे निघाले, आणि नंतर बदली होईपर्यंत दर सोमवारी त्याच गाडीनं चढले. दादांना हजेरीची वही कोणी दाखवली, ते नवरा अजून कबूल करत नाही. पण पुढच्या एका सत्कारात भाषण करताना ते म्हणाले, "आमच्या गाडीचा बिघाड भल्याभल्यांना सापडत नव्हता. मी बसलो, म्हणून सापडला."

त्यांची बरीच भाषणं मी ऐकली. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं असलेलं हे एकच वाक्य, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते.