बर्फ बोटीवर मोजायचा

गंगाराम नागवेकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी त्यांना दारातच झाडलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते झालं. सोमवारची सकाळ होती, कंपनीशी फोनवर भांडून माझं डोकं आधीच तापलेलं, आणि खांद्यावर शिडी घेऊन आलेला हा ‘किनारा नेट’ या इंटरनेट कंपनीचा वर्षभरातला पंधरावा माणूस होता.

"तुम्हीही आता तो डबा बंद करून परत चालू करणार ना?" मी म्हटलं. "तेवढं मला येतं. निघा तुम्ही."

त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, डब्याला हात लावीत नाय. आदी पानी देवा, मग शिव्या देवा. उनातून आलोय."

माणूस पन्नाशी ओलांडलेला, काळा, काटक. उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही. हेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाणी आणि गूळ आणून ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत बसलो.

माझ्या तापण्याला कारण होतं. आमची मनस्विनी एकवीस वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. हातांनी बोलते, आणि इतकं भरभर बोलते की आम्हा दोघांना अजूनही कधी कधी ‘हळू’ म्हणावं लागतं. सांकेतिक भाषा शिकवणारे शिक्षक तयार करणारा एक अभ्यासक्रम आहे. तिला त्यात जायचं होतं. मुलाखत गुरुवारी अकरा वाजता, व्हिडिओवर. शनिवारी संस्थेनं जोडणी तपासायला पाच मिनिटांचा कॉल केला आणि शेवटी तिथल्या बाईंचा निरोप आला, की तुझे हात मध्येच थिजतात, काय म्हणतेस ते कळत नाही, गुरुवारी असंच झालं तर मुलाखत घेता येणार नाही.

बाकीच्यांच्या पडद्यावर चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, काम निभावतं. आमच्या मुलीला आवाजच नाही. चित्र अडकलं की ती वाक्याच्या मध्येच मुकी होते. पोरगी शनिवारपासून जेवली नव्हती.

आमचं घर मिरजोळ्याला, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, खोलगट जागी. मोबाईलची रेंज घरात नाही. ती मिळते विहिरीच्या कठड्यापाशी, तीही मर्जी असेल तर. आसपास कुणाच्या घरी जावं म्हटलं तर सगळ्या वाडीत हीच वायर. आणि ही वायर मी शंभरच्या वेगाची म्हणून घेतलेली. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. माझ्या टेबलावरून एक कागद कधी गहाळ झाला नाही. या वायरीबद्दल मी वर्षभरात चौदा तक्रारी केल्या होत्या, तारखेनिशी, आणि चौदाही वेळा उत्तर आलं होतं की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. एकदा तर फोनवरच्या मुलीनं सांगितलं, वानरांमुळे होतं.

गंगारामांनी लॅपटॉप वायरीला जोडून माप घेतलं. घरात येणारं बावीस. घरातून जाणारं तीन.

"जानारा तीन," ते स्वतःशीच म्हणाले. "बायचे हात जायचे कशे?"

"वानरांमुळे म्हणतात तुमचे लोक," मी टोमणा मारला.

"वानर तार तोडील, भाऊ. तोडली तर सगळाच बंद. अर्धामुर्धा करून ठेवनारा वानर मी नाय बगितला अजून." त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडचा खांब दाखवला. "त्या पोलावरच्या डब्यातून गेल्या सालापर्यंत बत्तीस घरांना कनेक्शन होता. आता चौसष्ट. कोन कोनाच्या वाटचा खातोय, बगा तुमीच."

इतकं खरं त्या कंपनीचा माणूस बोलेल हे माझ्या अपेक्षेत नव्हतं. मी लगेच चौदा तक्रारींची वही काढली. त्यांनी ती मांडीवर घेऊन पानं चाळली आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "भाऊ, ह्या बंद कोनी केल्या?"

"तुमच्या कंपनीनं!"

"कंपनीला बंद करता येत नाय. मोबाईलवर चार आकडे येतात ना, ते आमच्या पोराला सांगितलेत की तक्रार गिऱ्हाइकानं बंद केली असा लिवला जातो. ओटीपी."

हेमा फिस्सकन हसली. मी वही ओढून घेऊन मिटली. कारण दर वेळी कुणीतरी उन्हातून आलेला असायचा, सरबत पिऊन झालं की ‘काका, तेवढा नंबर द्या’ म्हणायचा, आणि दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं म्हणून मी विहिरीपर्यंत चालत जाऊन, रेंज पकडून, तो नंबर आणून द्यायचो. चौदा वेळा. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस! आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, त्यातली ही गत.

"आता पंधरावी करा," गंगाराम म्हणाले. "आनि नंबर देव नका. मी मागितला तरी देव नका."

"तुम्हाला त्रास नाही होणार?"

"ज्याची तक्रार उगडी, त्याला सकाळच्या मीटिंगला हुभा करतात. हुभा ऱ्हायन. पायाला सवय हाय."

मनस्विनी इतका वेळ दारात उभी राहून आमचे ओठ वाचत होती. तिनं वहीवर लिहून त्यांच्यापुढे धरलं: ‘तुम्हाला दाखवू?’ तिनं आतल्या खोलीतून मैत्रिणीला, समीक्षाला, कॉल लावला. तीही ऐकू न येणारी, चिपळूणची. तिकडे काय दिसतं ते समीक्षानं पडदा टिपून परत पाठवलं. मनस्विनी आपलं नाव-गाव सांगत होती आणि त्या चित्रात तिचे हात छातीपाशी दोन धुरकट ठिपके होऊन थांबले होते. चेहरा मात्र स्पष्ट. काही तरी जीव तोडून सांगणारा चेहरा आणि खाली हात नाहीत.

गंगारामांनी ते दोनदा बघितलं. मग म्हणाले, "बरा," आणि शिडी उचलून गेले. मला वाटलं, गेला हाही.

मंगळवारी दुपारी ते परत आले ते कंपनीच्या मालकाला घेऊन. यज्ञेश, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, वागायला चांगला. त्यानं ते चित्र बघितलं, ओशाळला, पण धंद्याचं बोलला. "काका, करारात ‘जास्तीत जास्त शंभर’ असं आहे. सगळीकडे तसंच असतं. सगळे लोक एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून हा दर परवडतो. प्रत्येक घराला शंभर राखून ठेवायचे तर दर दुप्पट होईल. इथे कोण घेईल?"

खरं सांगतो, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बोलले ते गंगाराम, आणि मालकाशी बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"यज्ञेशशेठ, दादाशेठचा बर्फाचा कारखाना आठवतो?"

दादाशेठ म्हणजे यज्ञेशचे वडील. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांचा बर्फाचा कारखाना होता, आणि गंगारामांनी तिथे बावीस वर्षं बर्फ वाहिला होता. करंगळीचं पेर तिथल्याच बर्फ फोडायच्या क्रशरमध्ये गेलेलं. कारखाना बंद झाल्यावर मुलानं इंटरनेटचा धंदा काढला आणि वडिलांच्या माणसाला कामावर घेतलं. एवढं मला त्या दिवशीच कळलं.

"मी नवीन होतो तेवा," गंगाराम सांगू लागले, "एका बोटीच्या तांडेलानं पन्नास क्रेट बर्फ सांगितला. मी कारखान्यात पन्नास मोजून टेम्पोत भरला. बोटीवर गेलो तर भरले चव्वेचाळीस. वाटेत वितळला. मी म्हटला, आमी पन्नास दिलेत, ऊन काय आमचा हाय? पन दादाशेठनी मला परत पाटवला, सहा क्रेट डोक्यावरून. म्हनाले, बर्फ बोटीवर मोजायचा. समुद्रात मासळी कुजली तर तांडेल काय कारखान्यातलं माप चाटनार हाय? तेवापासून टेम्पोत पाच-सा क्रेट जास्तीच टाकायचो आमी."

यज्ञेश खाली बघत होता. गंगाराम पुढे म्हणाले, "शंभर परवडत नसंल तर पन्नास लिवा, शेठ. पन्नास घ्या, पन्नास देवा. लोक घेतील. पन लिवलाय तो घरात यायला होवा."

यज्ञेश उठला. जाता जाता माझ्याशी नव्हे, गंगारामांशी बोलला, "दुसरा डबा टाका. ऑफिसात ठेवलेला नवा आहे तो घ्या." आणि मग, "बाबा मलाही हेच सांगायचे."

बुधवारचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. अर्धी घरं नव्या डब्यावर घ्यायची होती. गंगाराम रस्त्यापलीकडच्या खांबावर चढलेले, आणि प्रत्येक जोडणीनंतर घरात वेग किती येतो ते त्यांना कळायला हवं होतं. माप घरातच घ्यायचं हा त्यांचा हट्ट. फोनला रेंज नाही. म्हणून मी अंगणात उभा राहून आकडे ओरडू लागलो. मधल्या रस्त्यावरून वसाहतीचे ट्रक धडधडत जात होते. मी "एकतीस!" ओरडलो तर ते "काय?" म्हणायचे, आणि ते काय म्हणताहेत तेही मला कळायचं नाही. दहा मिनिटांत माझा घसा बसला.

तेव्हा मनस्विनीनं मला बाजूला सारलं. खिडकीत उभी राहिली आणि हातांनी आकडा दाखवला. तीन. एक. गंगारामांनी खांबावरून बघितलं आणि मान हलवली. पाचापर्यंत कुणालाही कळतं, पुढचे आकडे वेगळे असतात. तिनं वहीच्या पानावर मोठा सहा काढून खिडकीत धरला, मग खूण केली. सात, आठ, नऊ तसेच. खांबावरचा माणूस एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं ते गिरवत होता. ट्रक जात राहिले, त्यांचं बोलणं थांबलं नाही. दोन तास मी नुसता बघत होतो. या वाडीत माझ्या मुलीशी कामाचं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. नाहीतर लोक मलाच विचारतात, ती काय म्हणते.

संध्याकाळी साडेपाचला तिनं दाखवलं: नऊ, आठ. आणि जाणारंही नऊ, आठ. गंगाराम उतरले. हेमानं त्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडे मासळी शिजत नाही, तिनं ती शेजारून मागून आणली होती.

गुरुवारी अकरा वाजता दार बंद झालं. चाळीस मिनिटं. गंगाराम साडेदहापासूनच खांबाखाली बसून होते. मी जाऊन म्हटलं, घरात या. म्हणाले, "नको. कोन येऊन डब्याला हात लावील." मग गंभीर चेहऱ्यानं, "वानराचाही भरवसा नाय."

मनस्विनी बाहेर आली तेव्हा ती काही सांगायच्या आधीच मला कळलं. बाईंनी पहिल्याच मिनिटाला म्हटलं होतं, आज तुझे हात छान दिसताहेत. पुढे कुणालाच काही परत विचारावं लागलं नाही.

मी आनंदाच्या भरात विहिरीकडे निघालो, ओटीपी आणायला. गंगारामांनी अडवलं. "भाऊ, सुदरा जरा. आट दिवस मापा. आट दिवस टिकला तर नंबर." आठ दिवस त्यांनी सकाळच्या मीटिंगला उभं राहून काढले. यज्ञेशनं त्यांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत, असं मागाहून ऐकलं. आता तिथे नियम झाला आहे की घरात मोजलेला आकडा पेननं डब्यावर लिहायचा आणि खाली सही करायची. आमच्या डब्यावर गंगारामांची आहे, पोरासारख्या अक्षरात. मी ती पुसू देत नाही. मी कुणाचे आभार मानायला फारसा तयार नसणारा माणूस, पण या माणसाचे मी रोज मानतो.

आठव्या दिवशी सकाळी संस्थेचं पत्र आलं. मनस्विनीची निवड झाली होती. हेमा देवापाशी गेली आणि मी विहिरीपाशी. नंबर घेऊन आलो तर गंगाराम त्याच खांबावर, कुणाच्या तरी जोडणीसाठी चढलेले. मनस्विनीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि खिडकीतून एकेक करून चारही आकडे दाखवले. त्यांनी ते उलट दाखवून खात्री केली. शेवटचा पाच होता. त्यांचा पाच साडेचारच भरतो, ती हसली आणि तिनं मान डोलावली.

मग तिनं अजून एक खूण केली, त्यांना न शिकवलेली. मी न राहवून अंगणातून ओरडलो, "पास झाली! शिक्षिका होणार म्हणते!"

गंगारामांनी माझ्याकडे बघून तळहात दाखवला, थांबा. मग शिडीवर नीट पाय रोवला, तिच्याकडे वळले आणि हातानं विचारलं, परत सांग.

तिनं परत सांगितलं, हळू.