एका अक्षराचं लखनौ

चारबाग स्टेशन बाहेरून राजवाड्यासारखं दिसतं. घुमट, छत्र्या, कमानी, सगळं यथासांग. आतून ते कुठल्याही स्टेशनासारखंच आहे. तसाच चहा, तशीच गर्दी, बाकांवर तशीच आडवी झालेली माणसं. जानेवारीचं धुकं होतं, गाडी अर्धा दिवस रेंगाळून पोचली होती, आणि राजवाड्याचे घुमट धुक्यात गेल्यामुळे मला लखनौचं पहिलं दर्शन झालं ते नाकापर्यंत मफलर गुंडाळलेल्या एका रिक्षावाल्याचं. महानगरला येणार का, असं मी माझ्या साताऱ्याच्या हिंदीत विचारलं. त्याने भाडं सांगितलं. मी सवयीने ‘हो’ म्हणालो.

तो वळून म्हणाला, “हाँ, बोलिए.”

मी पुन्हा ‘हो’ म्हणालो. तो पुन्हा अदबीने म्हणाला, “बोलिए तो.”

मग माझ्या लक्षात आलं. इकडच्या अवधी बोलीत ‘हो’ ही हाक आहे. ‘भैया हो’ म्हणजे ‘अहो दादा’. मी त्या गृहस्थाला दोनदा हाक मारली होती आणि पुढे काहीच बोललो नव्हतो. मी मान डोलावली, तो निघाला. वाटेत मला हसू येत होतं, पण फार वेळ टिकलं नाही. कारण मी लखनौला आलो होतो तो या एका अक्षरासाठीच.

माझी मावसबहीण सुमनताई लग्न होऊन लखनौला आली आणि इथलीच झाली. यजमान रेल्वेत इंजिनिअर. नोकरीभर आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिले, निवृत्तीनंतर त्यांनी महानगरमध्ये छोटं घर घेतलं, आणि काही वर्षांनी ते वारले. गेल्या वर्षी ताईला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. मराठी, हिंदी, बाजारातली अवधी, नातवंडांसाठी शिकलेलं थोडं इंग्रजी, एवढ्या सगळ्या संसारातून एकच शब्द मागे राहिला. हो.

तिचा मुलगा निखिल याला परदेशात नोकरी लागली होती. बायकामुलं आधीच गेली होती. घर बंद करायचं आणि आईला पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं, असं त्याने ठरवत आणलं होतं. तिथे सगळे मराठी आहेत, हा त्याचा मुख्य मुद्दा. फोनवर तो मला म्हणाला, “हम ज़बरदस्ती नहीं ले जाएँगे, मामा. आप आकर एक बार ठीक से मराठी में पूछ लीजिए. मम्मी हाँ बोलेंगी, तभी.”

निखिलला मराठी समजते, पण तो उत्तर हिंदीतच देतो. आणि लखनौत एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. त्यामुळे निर्णय नेमका कुणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही.

महानगर ही जुनी, आखीव वसाहत. फाटकावरचा नेपाळी चौकीदार शेकोटीशी बसला होता. सुमनताईंचं घर हेच का, असं मी विचारलं तर तो सहज म्हणाला, “हो, हो.” मी चमकलो. नेपाळीतही ‘हो’ आहे, अर्थ साधारण ‘असंच आहे’. मराठी ‘हो’ होकार देतो, अवधी ‘हो’ माणसाला बोलावतो, आणि नेपाळी ‘हो’ जे आहे ते आहे म्हणून सांगतो. कुणा प्राध्यापकाने यावर निबंध वाचला तर मी टाळ्या वाजवीन. मी तेव्हा फक्त बॅग उचलून आत गेलो.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मला पाहून तिचे डोळे भरले. ती म्हणाली, “हो.” मग माझ्याकडे बघत, जरा मोठ्याने, “हो, हो.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “आइत है, अम्मा!” (आले, आले.) पाठोपाठ रामरती आली. बख्शी का तालाबकडच्या एका गावातली ही बाई ताईला सांभाळायला दिवसभर असते. तिच्या लेखी अम्मांचा प्रत्येक ‘हो’ म्हणजे हाक. हाक आली की ती उठते, आणि येताना अंदाजाने काहीतरी घेऊन येते. पाणी, उशी, लोकरीची टोपी, कधी नुसतीच टीव्हीचा आवाज कमी करून बसते. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. मी आलो तेव्हा तिने टोपी आणली आणि ताईच्या डोक्यावर बसवली. ताईने डाव्या हाताने ती काढून फेकली.

“नखरा देखौ,” रामरती मला म्हणाली. “मामाजी आए हैं तो टोपी नहीं पहिनेंगी. फैसन!”

ताई हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली.

निखिल म्हणाला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हा शब्द म्हणजे उत्तर नव्हे. नुसता ओठांवर उरलाय. समजतं किती, ते सांगता येत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, “अब पूछिए.”

मी ताईसमोर बसलो. तिच्या माहेरच्या, वाईच्या बोलीत, जमेल तितकं सावकाश सगळं सांगितलं. निखिल जाणार, घर बंद होणार, पुण्याजवळ जागा आहे. शेवटी विचारलं, “ताई, येशील का तिकडे?”

“हो,” ताई म्हणाली.

निखिलने डोळे पुसले. मी त्याला थांब म्हणालो आणि उलटा प्रश्न केला. “ताई, इथंच राहायचंय का तुला?”

“हो.”

“पुण्याला नको ना?”

“हो.”

मी निखिलकडे पाहिलं. तो उठून चहाचं बघायला गेला होता. त्याला हवं ते उत्तर आधीच मिळालं होतं, आणि मिळालेलं उत्तर घेऊन माणूस फार वेळ खोलीत थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘चौक’ नावाच्या इथल्या जुन्या बाजारात जाऊन मलाई मक्खन खाल्लं. दुधाचा फेस दवात ठेवून केलेली ही थंडीतली मिठाई. पानाच्या द्रोणात डोंगराएवढी देतात, जिभेवर ठेवली की काहीच उरत नाही. या शहराची तारीफ करणाऱ्यांची भाषणंही मला तशीच वाटतात. त्याच संध्याकाळी त्यातलं एक ऐकायला मिळालं. ताई जाणार हे कळल्यावर इथल्या मराठी लोकांच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठरवला होता, तोही तिच्याच बैठकीच्या खोलीत. पडद्याच्या दांडीवर फ्लेक्स टांगला. शाल आली, नारळ आला, आणि बारा-पंधरा माणसांच्या खोलीत माइकही आला.

अध्यक्ष कुठल्याशा केंद्रीय खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फायलीवर शेरा मारावा तसं भाषण केलं. “आघात झाला. हिंदी गेली. इंग्रजी गेली. पण राहिली कोण? मराठी!”

टाळ्या.

“हो,” ताई म्हणाली.

आणखी टाळ्या. एका काकूंनी डोळे टिपले. मागे बसलेली तरुण मंडळी आपसात हिंदीत विचारत होती की आंटी काय म्हणाल्या. “हाँ बोलीं,” कुणीतरी सांगितलं. “ओह, सो स्वीट.” ताई शालीखाली डाव्या हाताने उजवा हात चोळत होती. “हो,” ती पुन्हा म्हणाली, आता जरा घाईने. अध्यक्षांनी हा होकार आपल्या पुढच्या वाक्याला धरला. रामरती दारातून वाट काढत आली आणि तिने पाणी पाजलं. पाणी नको होतं, हे गालावरून ओघळलेल्या पाण्यावरून कळलं. काय हवं होतं ते मलाही कळलं नाही. मी तिच्या अगदी शेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो होतो, हातात गुच्छ घेऊन.

जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ताईला गाडीतून आलमबागला नेलं. जुनं क्वार्टर बघितलं तर तिला बरं वाटेल, ही कल्पना माझी. बस अड्ड्यापाशी नेहमीची कोंडी होती, डोक्यावरून मेट्रो सरकत होती. रेल्वे वसाहतीत मात्र तीच लाल विटांची बैठी घरं. विद्यार्थी असताना मी सुट्टीत इथे यायचो. परत निघालो की ताई दारात वाटी घेऊन उभी राहायची आणि माझ्या हातावर चमचाभर साखर घातलेलं दही घालायची. जाणाऱ्याच्या हातावर राहणाऱ्याने दही घालायचं, म्हणजे तो सुखरूप जातो आणि परत येतो. मी दही चाटून ‘येतो’ म्हणायचो. ‘जातो’ म्हटलेलं तिला चालत नसे.

आता त्या दारात कुणाची तरी सायकल होती. निखिलने काच खाली केली. “मम्मी, देखिए, अपना घर.” ताई बघत राहिली. मी कान देऊन होतो. तिथून महानगर येईपर्यंत एकदाही तिने ‘हो’ म्हटलं नाही.

निघायच्या सकाळी खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. फ्लेक्स तेवढा राहिला होता. गाडी दाराशी उभी, विमानतळावर चाकांच्या खुर्चीची व्यवस्था केलेली. रामरतीने वाटीत दही-चीनी कालवून आणलं. इकडेही ही रीत आहे, फरक इतकाच की जाणाऱ्याला चमच्याने भरवतात. रामरती रडत होती आणि रडताना तिला बडबडायची सवय होती. “मुँह खोलौ अम्मा. सगुन आय. कौन रोज-रोज जहाज मा बैठत है.” (तोंड उघडा. शकुन आहे. रोज-रोज कोण विमानात बसतं.)

ताईने ओठ घट्ट मिटले.

रामरतीने चमचा पुढे केला. ताईने मान फिरवली. निखिलने करून पाहिलं, तरी तेच. मग ताईने डाव्या हाताने रामरतीच्या हातातला चमचा काढून घेतला. तो मांडीवरच्या उजव्या हाताच्या बोटांत घातला. बोटं मिटेनात. तिने डाव्या हाताने ती मिटवली, वरून आपली मूठ आवळली, आणि तो मेलेला उजवा हात चमच्यासकट उचलून माझ्याकडे आणला. दही अर्धं सांडलं. डाव्या हाताने दही घालत नाहीत.

मी तळवा पुढे केला. तिने दही घातलं. मग पुन्हा वाटीत चमचा, पुन्हा तीच सगळी खटपट, आणि निखिलच्या हातावर. मग ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि आम्ही दोघे कधी निघतो याची वाट बघू लागली.

निखिलला वाटलं आई आशीर्वाद देतेय. त्याने फोन काढून फोटो घेतला. मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की जो राहतो तो दही घालतो. तिने आपल्याला निरोप दिलाय. ती येत नाहीये.

त्याने हातावरच्या दह्याकडे पाहिलं. त्याला ते कळलं, अगदी नीट कळलं, हे मला दिसलं. मग तो मराठीत बोलला. मी ऐकलेलं त्याचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य होतं ते.

“मग मी काय करू, मामा? तुम्ही नेता तिला?”

साताऱ्याला माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मी एकटा, आणि माझे गुडघे दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार करतात. हे सगळं खरं आहे. निखिलने थोडा वेळ वाट पाहिली, दही चाटलं आणि आत जाऊन आईची खुर्ची गाडीकडे वळवली. ताईने दाराची चौकट डाव्या हाताने धरली. रामरतीने एकेक बोट सोडवलं, प्रत्येक बोटामागे “बस, अम्मा, बस” म्हणत.

पुण्याजवळची ती संस्था स्वच्छ आहे. बाग आहे, देवघर आहे, जेवणात भाकरी असते. निखिल तिसऱ्या दिवशी गेला. मी दोन दिवस जास्त राहिलो. मदतनीस मुली सकाळी येऊन विचारतात, “आजी, आंघोळ उरकायची?” “हो.” “आजी, पडदा लावून घेऊ?” “हो.” पडदा लागतो. व्यवस्थापिकाबाई फेरीला आल्या तेव्हा वाकून म्हणाल्या, “करमतंय ना इथं?” “हो,” ताई म्हणाली. त्या माझ्याकडे वळल्या. “बघा, किती समजूतदार. बाकीच्यांचं नको-नको ऐकून आम्ही थकतो.”

लखनौत तिचं बोलणं कुणाला समजत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक ‘हो’ला कुणीतरी हातातलं काम टाकून उठायचं, नको असलेलं पाणी आणायचं, नको ती टोपी घालायचं, आणि शेजारी बसायचं. इथे ते सगळ्यांना समजतं. मायबोलीच आहे. होकार ऐकला की काम संपलं, माणूस पुढच्या खाटेकडे जातो. आपल्या भाषेच्या माणसांत नेऊन ठेवलं म्हणजे माणूस एकटा राहत नाही, या समजुतीवर आपल्याकडे बरेच सत्कार होतात. मी त्यातल्या एकात गुच्छ घेऊन बसलो होतो.

शेवटच्या दुपारी मी तिच्या खाटेशी उभा राहिलो. दही मागावं असं मनात आलं, पण तिथे दही जेवणाच्या वेळीच देतात. मी नुसतंच म्हणालो, “ताई, येतो.”

“हो,” ती म्हणाली, आणि माझी बाही धरली.

“निघा तुम्ही काका,” मदतनीस मुलगी प्रेमाने म्हणाली. “हो म्हणाल्या त्या.” तिने माझी बाही सोडवली.

जिन्याशी पोचलो तेव्हा पुन्हा ऐकू आलं, जरा लांबवलेलं, शेवटी वर गेलेलं. हो. मी कठड्याला धरून थांबलो. खाली बागेत कुणीतरी पाइपने झाडांना पाणी घालत होतं. ‘आइत है’ असं कुणी म्हणतं का, ते मी ऐकत राहिलो.