आत्याची अमेरिकेतली बाय

माझ्या आत्यासारखं माणूस कुठल्याही चळवळीला परवडत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. जिथे चार खोट्या गोष्टी सांगितल्याशिवाय नळाची साधी जोडणी होत नाही, तिथे ही बाई कुणी विचारायच्या आत खरं सांगून मोकळी होते. बरं, हा रोग तिला कीर्तनातून जडला नाही, शाळेतून नाही, आणि माझ्या पत्रकांतून तर नाहीच नाही. तो जडला अमेरिकेतल्या एका गोल्फ खेळणाऱ्या बाईमुळे. भिवंडीत लूम समजणारे गल्लोगल्ली आहेत, ट्रक समजणारे त्याहून जास्त. बायकांचं गोल्फ समजणारी मात्र माझ्या माहितीत एकच, आणि ती राहनाळच्या पुढच्या आमच्या गावात ओट्यावर सुकट निवडत बसलेली असते.

मी स्वतः गोल्फच्या विरोधात आहे. गवताला पाणी पाजायचं आणि माणसांना टँकरच्या रांगेत उभं करायचं, याला खेळ म्हणत नाहीत. ‘हिरवळ कुणाची, तहान कुणाची?’ या मथळ्याचं पत्रक मी स्वतः लिहिलंय आणि धामणकर नाक्यावर शेअर रिक्षांच्या रांगेत उभं राहून वाटलंय. आत्याने ते बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “धिक्कार लई झाला गो. सुकटीत मीठ आधीच असता, वरून कोन टाकता?” आणि उरलेल्या गठ्ठ्यात तिने शेजारणींना सुकट बांधून दिली. त्या पत्रकाला गावात एवढा प्रतिसाद कधीच मिळाला नव्हता.

गोल्फ तिच्या घरात शिरलं ते जावयाच्या कृपेने. ठाण्याच्या जावयाने क्रिकेटसाठी म्हणून खेळांची चॅनेलं घेऊन दिली, आणि आठवडाभरात रिमोट आमटीत पडला. तो पुसून वाळवेपर्यंत टीव्ही एकाच चॅनेलवर अडकून बसला. तिथे एक उंच, उन्हाने रापलेली बाई खाली वाकली, चिमूटभर गवत उपटलं आणि हवेत सोडून ते कुठे उडतंय ते बघत राहिली. आत्याच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. भात वारवायच्या आधी आमच्याकडे बायका अशीच चिमूट सोडून वारा बघत. मग ती बाई गुडघ्यावर बसून जमिनीचा उतार निरखू लागली, बांध फोडण्याआधी पाणी कुठे जाईल ते बघावं तशी. “ही शेतकऱ्याची पोर हाय,” आत्याने निकाल दिला. मी फोनवर शोधून सांगितलं, की बाप शेतकरी नाही, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याने तर नातं अधिकच पक्कं झालं, कारण आमच्या गावात शेतकऱ्याच्या पोरांचं पुढे तेच होतं. त्या दिवसापासून तिचं नाव ‘आपली बाय’. खरं नाव आत्याच्या जिभेवर कधी बसलं नाही, आणि तिने बसवायचा प्रयत्नही केला नाही. घरच्या पोरीला कोण पूर्ण नावाने हाक मारतं?

रिमोट सुधारला, पण चॅनेल बदललं नाही. बायची सगळी कारकीर्द मला फोनवर वाचून आत्याला मराठीत सांगावी लागली, आणि मी सांगितलेली कारकीर्द दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिच्या पद्धतीने पुन्हा सांगितली जायची. बाय नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर शिकली (तिकडे नगरपालिकेचंही असतं, हे कळल्यावर माझ्या पत्रकातला एक अख्खा परिच्छेद वाया गेला). शाळेचं दप्तर जेमतेम उतरलं होतं तेव्हा तिने मुरलेल्या बायांना हरवून पहिलं मोठं अजिंक्यपद घेतलं. मग कितीतरी वर्षं जगात पहिली. पुढे लग्न झालं. नवरा आत्याला कधीच पसंत नव्हता: “चष्मेवाला. टाल्या वाजवतो, पन बॅग उचलत न्हाय.” बॅग उचलायला तिथे वेगळा पगारी माणूस असतो, हे मी सांगून पाहिलं. “मग नवरा कनाला हाय?” बाळंतपणानंतर बाय लवकर मैदानात उतरली तेव्हा आत्या दिवसभर टीव्हीशी भांडत होती. आणि बायचं मनगट गेलं, शस्त्रक्रिया झाली, ती यादीत घसरत घसरत दिसेनाशी झाली, त्या काळात आत्याने गावदेवीला नारळ बोलला. देवीला तिने मनगट कुठलं, डावं की उजवं, तेही नीट समजावून सांगितलं होतं, उगाच गोंधळ नको म्हणून. बाय परतली, पुन्हा जिंकली, आणि नारळ फुटला. खोबऱ्यात मलाही वाटा मिळाला. तत्त्व म्हणून मी खोबरं नाकारत नाही.

गोल्फचं मर्म आत्याला माझ्या आधी कळलं. “ह्यात कमी मारनारी जिंकते,” ती मला म्हणाली. “तुझ्यासारखा न्हाय. तू लई मारतेस, आनि बॉल हाय तिथंच.”

तिच्या जमिनीवर उभ्या असलेल्या गोडाऊनमध्ये एकदा फुटक्या खोक्यांचा माल टाकून द्यायला काढला होता. वॉचमन उत्तर प्रदेशातला. तो म्हणाला, “मौसी, ये डंडा ले जाओ, कुत्ता भगाने को अच्छा है.” तो गोल्फचा दांडा निघाला, सोबत काही चेंडू. तेव्हापासून रोज सकाळी घरासमोरच्या गुरचरणात काष्टा मारलेली माझी आत्या गोट्यांच्या गलीएवढा खड्डा खणून चेंडू मारायची. गुरं आता गावात उरली नाहीत, पण गुरचरण उरलंय. सगळ्या बाजूंनी गोडाऊनं उभी राहिल्यावर हा एकच तुकडा असा आहे, जिथे पोरांचा चेंडू ट्रकखाली जात नाही.

आता रोगाकडे येते. एका अजिंक्यपदाच्या शेवटच्या दिवशी बाय पुढे होती. गवतात पडलेल्या चेंडूमागे ती दांडा घेऊन उभी राहिली आणि चेंडू केसभर हलला. कुणी पाहिलं नव्हतं, कॅमेऱ्यातही दिसलं नाही. बायने हात वर करून पंचांना बोलावलं आणि स्वतःच सांगितलं. एका फटक्याचा दंड लागला आणि एका फटक्यानेच ती हरली. मी हे आत्याला समजावल्यावर ती आधी भयंकर चिडली. “येडी हाय का ही? कोन बगत होता?” त्या रागात तिने भाकऱ्या करपवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारून म्हणाली, “काल भाकऱ्या मीच करपवल्या. पीठ खराब हाय असा बोलले, तो खोटा. आज च्या न्हाय घ्यायची मी.” तो पहिला दंड.

मग हे वाढतच गेलं. भावजयीला मनातल्या मनात शिवी दिली की तिच्याकडे जाऊन कबुली, वर दंड म्हणून तिचे मसाले कुटून देणं. भावजय मला म्हणाली, “शिवी परवडली गो, ही कबुली न्हाय परवडत.” एकदा नाक्यावरून आम्ही रिक्षात कोंबून बसलो होतो. पोलिसाने रिक्षा थांबवून आत नुसती नजर टाकली आणि ‘जा’ म्हणून हात केला. तोच आत्याने डोकं बाहेर काढून सांगितलं, “साहेब, पाचवी मी हाय. मांडीवर बसलेय म्हनून दिसत न्हाय.” चालान फाडून झाल्यावर रिक्षावाला काकुळतीने म्हणाला, “मौसी, आप मेरे साथ हो या उसके साथ?” आत्या म्हणाली, “मैं पाचवी है ना. मेरेकू तो मालूम है.” आणि दंड म्हणून ती तिथून घरापर्यंत चालत आली. ज्या मांडीवर ती बसली होती ती माझी होती, म्हणून मलाही चालावं लागलं.

अशा माणसाला मी ग्रामसभेत साक्षीला उभं केलं. चूक माझीच, पण माझ्यापुढे इलाज नव्हता. गुरचरण ट्रक पार्किंगला द्यायचा ठराव आला होता. आणणारे आत्याचेच चुलतभाऊ, गावात ट्रान्सपोर्टवाले दादा म्हणतात ते. त्यांचं म्हणणं असं, की गुरचरण उरलंयच कुठे, हा नुसता मधला तुकडा आहे, त्याची हद्द कुणालाच माहीत नाही. हद्द माहीत असणारं सर्वांत जुनं माणूस आत्या. मी तिला आठवडाभर पढवलं: चिंचेपासून विहिरीपर्यंत, एवढंच बोलायचं, आणि खाली बसायचं. “कमी मारायचं,” मी तिच्याच भाषेत सांगितलं. तिने मान डोलावली.

सभेत दादा गोडीत म्हणाले, “ताई, तूच सांग. कुठं हाय हद्द?”

आत्या उठली. “चिंचेपासून इहिरीपर्यंत. सरल रेघ.” मी टाळ्या वाजवायला हात उचलले. पण ती खाली बसेना. “आनि ती रेघ माझ्या ओट्यातून जाते. अर्धा ओटा गुरचरनात हाय. मीच पुढं घेतलेला. मोजनी माझ्या ओट्यापासून सुरू करा, दंड मी भरते.”

मी कपाळावर हात मारला. आमची साक्षीदारच अतिक्रमणवाली. आता दादा हसतील, ठराव पास होईल, पोरांच्या मैदानात कंटेनर उभे राहतील. पण दादा हसले नाहीत. ती सरळ रेघ जो तो मनातल्या मनात पुढे ओढत होता. आत्याच्या ओट्यातून निघालेली रेघ दादांच्या ऑफिसच्या मधोमध जात होती, तिथून भजनी मंडळाच्या खोलीतून, तिथून निम्म्या गावाच्या पडव्या, गाळे आणि संडासांतून विहिरीकडे. मोजणीशिवाय पार्किंग नाही, आणि मोजणी आली की रेघ आली. मागून कुणीतरी घसा साफ करून म्हणालं, “मोजनीची एवढी काय घाई हाय?” दादाही म्हणाले, “न्हाय, तसा बघितला तर पोरांना खेलायला पन जागा पायजेच.” ठराव एकमताने गुंडाळला गेला. मी त्याच दिवशी पत्रक काढलं: ‘जनतेच्या एकजुटीचा विजय’. आत्याने ते वाचलं आणि म्हणाली, “एकजूट कसली, समद्यांना आपापला संडास आठवला.”

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले तर गवंडी ओटा फोडत होता. मी ओरडले, की अगं आत्या, मोजणीच रद्द झाली, आता कुणी विचारणार नाही.

“कोनी बगला न्हाय म्हनून बॉल हलला न्हाय काय?”

“पण तुझ्या एकटीचाच का? बाकीचे बघ ना सगळे.”

“बाकीच्यांचा स्कोर मना काय करायचाय?”

मग तिने तो ओटा पुढे का घेतला होता ते मला पहिल्यांदाच सांगितलं. काका, म्हणजे तिचा नवरा, शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना उन्हात बसायला आवडायचं, आणि खाट जुन्या ओट्यावर मावत नव्हती. खाटेच्या मापाने तिने ओटा वाढवला होता. खाटेच्या मापाचा तेवढा तुकडा आता तिच्या समोर फुटत होता, आणि ती गवंड्याला चहा हवाय का ते विचारत होती. मला त्या क्षणी अमेरिकेतल्या त्या बाईचा जितका राग आला तितका आजवर कुठल्याही बिल्डरचा आला नसेल.

त्याच महिन्यात बायची शेवटची स्पर्धा होती. निवृत्ती तिने आधीच जाहीर केली होती, आणि पहिल्या दिवसापासून ती चांगली खेळत होती. अमेरिकेतला खेळ आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःप्रक्षेपणात बघते आणि तो त्याच क्षणी चाललाय असं धरून चालते. निकाल आधी सांगणं हा आमच्या घरात गुन्हा आहे. एकदा माझ्या तोंडून निसटला होता, तर ती दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलली नव्हती. शेवटच्या दिवसाचा निकाल मी उठल्या उठल्याच फोनवर वाचला. मग तिच्याकडे गेले. उरलेल्या अर्ध्या ओट्यावर दोन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून टीव्ही दारात ओढून आम्ही बाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. मी बसले आणि गप्प राहिले. बोलत होता फक्त टीव्ही, तोही इंग्रजीत.

बाय एका फटक्याने हरली. शेवटच्या खड्ड्याजवळ चेंडू कडेपर्यंत गेला, जरा वळला आणि थांबला. तिने टोपी काढली, लोक उभे राहिले. चष्मेवाला धावत आला आणि त्याने तिची बॅग खांद्यावर घेतली. “घेतली एकदाची,” आत्या पुटपुटली. मग तिने टीव्ही बंद केला.

“तुना आधीच म्हाईत होता ना गो?”

“हो.”

“मनापन. तू आल्यापासून एक सबद बोलली न्हाय, तवाच समजली.”

ती उठली. फोडलेल्या ओट्याच्या जागी आता कोवळं गवत उगवलंय, खाटेएवढ्याच पट्ट्यात. तिथे वाकून तिने चिमूटभर गवत उपटलं आणि हवेत सोडलं. ते गुरचरणात, पोरं खेळत होती तिकडे गेलं. “वारा खाडीकडून हाय,” ती म्हणाली, आणि दांडा आणायला आत गेली.