जपानी इंजिन

आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत जपानी इंजिनाची मोटरसायकल ज्यांनी सगळ्यांत आधी घेतली, ते गृहस्थ स्वतःच जपानहून आल्यासारखे वागत. दूध आणायलासुद्धा लाल हेल्मेट घालून जात. अख्ख्या उज्जैनमध्ये तसलं हेल्मेट दुसरं नसावं. त्या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, पण हे पंपवाल्यालाच झापत, "ऑइल-वॉइल खटारा स्कूटर में डालो, भैया. ये जापानी है!" आणि माझ्या स्कूटरकडे बघून हसत.

एकदा देवास गेटला सोडतो म्हणून त्यांनी मला आग्रहाने मागे बसवलं. भर दुपारी, भर रस्त्यात इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि आम्ही दोघेही आडवे झालो. माझा गुडघा फुटला. गृहस्थ उठले आणि रुमालाने पेट्रोलची टाकी पुसायला लागले.

तेवढ्यात कॉलनीतले एक मास्तर सायकलवरून आले. "अरे, क्या हो गया?"

"कुछ नहीं," हे म्हणाले, "इनको चक्कर आ गया. गाडी एकदम बढ़िया है."

असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा गुडघा दाबून धरलेला बरा. मास्तरांनी मला टेम्पोत बसवलं. मागे वळून बघतो तर हे रणरणत्या उन्हात गाडी ढकलत होते, आणि कुणी ओळखू नये म्हणून हेल्मेटची काच पार हनुवटीपर्यंत ओढलेली.

समोरच्या ठेल्यावरून पानवाला ओरडला, "क्यों जापानी बाबूजी, आज पैदल?"